पुन्हा फोन करणारे

तुम्हीही कधी ना कधी असा फोन केलाच असेल. घरात कोणी आजारी असतं, कुठला तरी कागद अडलेला असतो, आणि दाद कुठे मागायची हे ठाऊक नसतं. कोणीतरी सांगतं, अमक्या नंबरवर विचारा. तुम्ही विचारता. पलीकडचा गोड आवाज दुसरा नंबर देतो, दुसरीकडून तिसरा मिळतो, आणि तिसरीकडे कोणी उचलतच नाही. तुम्ही नशिबाला बोल लावता आणि फोन ठेवून देता. आजची गोष्ट त्या नंबरांच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या एका माणसाची आहे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवायला हवं. वाईट माणसांच्या गोष्टीतून आपण काही शिकत नाही, कारण ती आपली वाटतच नाही.

समाजसेवा विभागातले हे उपप्रमुख. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं होतं. बाकी शिपायापासून सगळे त्यांना मागून टक्केसाहेब म्हणत. चहा कसा झालाय विचारलं तर ‘ऐंशी टक्के’ म्हणणारा माणूस. बायको तापाने फणफणली होती तेव्हा त्यांनी तापाचा तक्ता करून भिंतीला लावला होता. ती बिचारी म्हणाली, ‘तक्ता राहू द्या, जरा डोक्यावर पट्टी ठेवा.’ त्यांनी पट्टी ठेवली, आणि तीही तक्त्यात लिहिली.

या विभागाचा एक मार्गदर्शन फोन होता. चार आकडी नंबर, बसच्या पाठीवर, दवाखान्याच्या दारावर, सगळीकडे लावलेला. कोणीही फोन करावा, अडचण सांगावी, आणि तिथल्या मुलीने ऐकून घेऊन कुठल्या कचेरीत किंवा कुठल्या संस्थेकडे जायचं ते सांगावं, अशी सोय. हे फोन घेण्याचं काम बाहेर ठेक्याने दिलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यासाठी दोघांचे अर्ज आले होते. एक बडी कंपनी आणि एक छोटी संस्था. ही संस्था एक निवृत्त परिचारिका चालवायची. तिने अर्जात हाताने लिहिलं होतं, ‘फोन केलेल्या प्रत्येकाला चौथ्या दिवशी आम्ही उलट फोन करून विचारू.’ टक्केसाहेब निवड समितीचे सचिव. त्यांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि शेरा लिहिला, ‘वेळेचा अपव्यय’. कंपनी दीड मिनिटात फोन संपवणार होती. कंपनी जिंकली.

पुढची देखरेखही टक्केसाहेबांकडेच आली. गुणांचा तक्ता त्यांनीच आखला. त्यात एक रकाना त्यांना फार प्रिय होता, कारण तो त्यांच्या डोक्यातून निघाला होता. रकान्याचं नाव ‘पुन्हा फोन करणारे’. दुकान चांगलं असेल तर गिऱ्हाईक परत येतं, तसंच सेवा चांगली असेल तर माणूस परत फोन करतो, असं त्यांचं गणित. समितीने माना डोलावल्या. तिसऱ्या वर्षी तो आकडा एक्केचाळीस टक्क्यांवर गेला. वार्षिक अहवालात त्याखाली ठळक अक्षरात छापलं होतं, ‘जनतेचा वाढता विश्वास’.

आता ठेक्याला मुदतवाढ द्यायची वेळ आली होती. आजवर देखरेखीसाठी ऐकायची ध्वनिमुद्रित संभाषणं कंपनीच निवडून पाठवायची. म्हणजे ज्याची परीक्षा त्यानेच पेपर काढायचा. या खेपेस तपासनिसाने आक्षेप घेतला, देखरेख अधिकाऱ्याने वीस संभाषणं स्वतः निवडून ऐकावीत. टक्केसाहेब कुरकुरले, पण आपल्या लाडक्या रकान्यातून, सगळ्यांत जास्त वेळा फोन करणाऱ्यांची वीस संभाषणं त्यांनी काढली आणि दुपारी जेवण झाल्यावर दार लोटून, कानाला यंत्र लावून बसले.

पहिलंच संभाषण एका बाईचं होतं.

‘नमस्कार ताई. माझी मोठी बहीण अंथरुणाला खिळलीय. अर्धं अंग गेलंय तिचं. मी शिवणाच्या कारखान्यात जाते, आठ ते सहा. मधे तिला कुशीवर वळवायला, घोटभर पाणी द्यायला कोणी मिळेल का? तासभर आलं तरी पुष्कळ झालं.’

मुलीने घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या विभागाचा नंबर सांगितला.

‘थांबा हं, लिहून घेते,’ बाई म्हणाली. पेन्सिल शोधल्याचा आवाज आला. मग तिने एकेक आकडा परत वाचून दाखवला, सावकाश, शाळेतल्या मुलीसारखा. ‘बरोबर ना? फार उपकार झाले.’

एक मिनिट वीस सेकंद. शेरा: माहिती दिली, प्रकरण पूर्ण. टक्केसाहेबांनी समाधानाने बरोबरची खूण केली.

पाचव्या संभाषणात तोच आवाज आला. ‘ताई, मी मागे फोन केला होता बघा. त्या नंबरवर वाजतं, पण कोणी उचलत नाही.’ मुलीने यादी पाहून तोच नंबर पुन्हा सांगितला. ‘थांबा हं, लिहून घेते.’ शेरा: माहिती दिली, प्रकरण पूर्ण. अकरावं संभाषण लावलं, तर पुन्हा तीच. आता टक्केसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी त्या बाईच्या नंबरावरून आलेले सगळे फोन शोधून काढले. सात महिन्यांत तेवीस. तेवीस वेळा प्रकरण पूर्ण.

ते एकामागून एक ऐकत गेले. आधी आवाजात आशा होती, मग संकोच आला. ‘मीच परत. रागावू नका हं.’ नवव्या फोनला बहिणीच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. चौदाव्याला मागून बहिणीचं कण्हणं ऐकू येत होतं आणि ही तोंड फिरवून म्हणत होती, ‘आले गं ताई, एवढं लिहून घेते.’ विसाव्यानंतर ती आकडे परत वाचून दाखवेनाशी झाली. पाठच झाले होते तिला.

तेविसावा फोन सगळ्यांत लहान होता. ‘आता नंबर नको, ताई. तुमची यादी तेवढी सुधारून घ्या. दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.’ मुलीने नियमाप्रमाणे विचारलं, ‘आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?’

‘पाच लिही,’ बाई म्हणाली. ‘मागे एक मुलगी सांगत होती, गुण कमी पडले की तुम्हाला घरी बसवतात. तुझा काय दोष? पाच लिही.’

टक्केसाहेबांनी कानावरचं यंत्र काढलं. खोलीत पंखा फिरत होता, बाहेर कोणीतरी हसत होतं. तरी तो आवाज काही थांबेना. त्या दिवसापासून तो त्यांच्या मागे लागला. दाढी करताना नळाच्या धारेतून ऐकू यायचा. जिना चढताना पायऱ्यांबरोबर ते आकडे मनात उमटायचे. एका सकाळी शेजारच्या टेबलावरचा कारकून फोनवर म्हणाला, ‘थांबा हं, लिहून घेतो,’ आणि टक्केसाहेबांच्या हातून फाइल निसटून कागद खोलीभर झाले. बाई ‘आता नंबर नको’ का म्हणाली? बहिणीचं काय झालं? एक फोन केला असता तर कळलं असतं. तिचा नंबर समोर होता. पण बोटच पुढे जाईना. न विचारण्यात एक सोय असते, मंडळी, आणि ती आपण सगळेच जाणतो.

रविवारी सकाळी ते चहाच्या कपात नुसता चमचा फिरवत बसले होते. त्यांची आत्या त्यांच्याकडेच राहायची. तिने उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फोन जोडण्यात घालवली होती. ऐंशी उलटली तरी कान शाबूत आणि जीभ त्याहून.

‘साखर विरघळून दहा मिनिटं झाली,’ आत्या म्हणाली. ‘आता कपाला भोक पाडतोस का?’

त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी सवयीने म्हणाले, ‘पण आत्या, दिवसाला चारशे फोन येतात. प्रत्येकाच्या मागे कुठवर धावणार? आमचं काम नंबर देणं. दिला.’

‘आमचंही काम नंबर जोडणंच होतं की,’ आत्या म्हणाली. ‘पण आमच्या मोठ्या बाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, पलीकडून माणसाचा आवाज आल्याशिवाय तुम्ही मधून निघायचं नाही. वाजत राहिलं तर मागे सांगायचं, बाई, अजून उचलत नाहीत, मी आहे, तुम्ही थांबा. अरे, कित्येकदा तेवढ्यानेच लोकांना धीर यायचा. मी आहे म्हणणारं कोणीतरी लागतं. तुमच्या मुलीने नंबर दिला, तुझ्या तक्त्याने खूण केली, आणि बाईची बोळवण झाली. मधे कोण होतं?’

‘कोणी नव्हतं,’ ते म्हणाले.

‘तो नंबर तू लावून बघितलास?’

त्यांनी चमचा बशीत ठेवला.

‘आणि ती बहीण कशी आहे?’

आत्याने त्यांच्यासमोरचा गार चहा उचलला आणि मोरीत ओतून टाकला. ‘अहवालात तरबेज आहेस,’ ती म्हणाली, ‘पण विचारायच्या दोनच गोष्टी होत्या, आणि त्या दोन्ही तू विचारल्या नाहीस.’

सोमवारी कचेरीत पोचताच त्यांनी तो नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजू लागली. आणि त्याच क्षणी, भिंतीपलीकडे, बोळाच्या टोकाला एक फोन वाजू लागला. त्यांनी फोन ठेवला. बोळातला आवाज बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा वाजला!

तो फोन त्यांच्या ओळखीचा होता. सगळ्या मजल्याच्या ओळखीचा होता. बोळाच्या टोकाला एक बंद खोली होती आणि तिच्यात दोन वर्षं तो वाजत होता. त्या खोलीत भूत आहे आणि त्याला सारखे फोन येतात, असं लोक थट्टेने म्हणत. बैठकीत व्यत्यय येतो म्हणून टक्केसाहेबांनीच मागे हुकूम देऊन दाराला एक भलं मोठं कपाट लावून घेतलं होतं, आवाज दबावा म्हणून.

त्यांनी शिपाईमामांना हाक मारली. दोघांनी मिळून कपाट सरकवलं. आत एक टेबल, एक खुर्ची आणि धुळीने भरलेला फोन होता. भिंतीवर अजून पाटी होती, घरपोच शुश्रूषा विभाग.

‘हा विभाग दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या इमारतीत गेला, साहेब,’ मामा म्हणाले. ‘तिकडे त्यांना नवा नंबर मिळाला. इथली लाइन तोडायच्या कागदावर संबंधितांची सही हवी होती. संबंधित कोण, ते काही ठरलं नाही.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण इथे कळसा रोज ओरडून सांगत होता आणि यांनी त्याला कपाट लावलं होतं. त्यांनी नव्या इमारतीतला नंबर शोधून फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला. तिथली मुख्य सेविका म्हणाली, ‘आमच्याकडे सहा बायका आहेत. दोघी तर बसूनच असतात. हल्ली फोनच येत नाहीत हो. लोकांना गरज उरली नसावी.’

मग मात्र त्यांनी त्या शिवणाच्या बाईला फोन केला. जेवणाच्या सुट्टीची वेळ साधून केला. मागे यंत्रांची घरघर होती. त्यांनी आपण कोण ते सांगितलं आणि विचारलं, ‘तुमच्या बहिणीला कसं आहे?’

‘ताई गेली,’ बाई म्हणाली. ‘तीन महिने होतील. पलंगावरून घसरून पडली होती, मी कामावर असताना. मग दवाखान्यात दहा दिवस काढले.’ मग तिने विचारलं, ‘तुमची यादी सुधारली का?’

टक्केसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही. ‘सुधारतो,’ एवढंच म्हणाले. तिने ‘बरं’ म्हटलं आणि सुट्टी संपली म्हणून फोन ठेवला.

कंपनीच्या व्यवस्थापकाला जाब विचारला, तर त्याने करारातलं कलम दाखवलं: ‘यादी अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी संबंधितांची राहील.’ कंपनीला वाटत होतं विभाग संबंधित, विभागाला वाटत होतं कंपनी. कलम कोणी लिहिलं होतं, हे विचारायला नको. टक्केसाहेबांनी कराराच्या शेवटच्या पानावर आपली सही पाहिली आणि तिथेच शिपाईमामांना घेऊन बसले. तीन दिवस दोघांनी यादीतला एकेक नंबर स्वतः फिरवला. दोनशे बारा नंबर. त्यातले सत्तावन्न मेलेले किंवा चुकीचे निघाले. एकावर चपलांचं दुकान लागलं. दुकानदार म्हणाला, ‘अनाथाश्रम विचारायला आठवड्याला चार-पाच जण फोन करतात. मी आपला सांगतो, इथे नाही.’

समितीच्या बैठकीत विभागाच्या प्रमुखबाई मुदतवाढीच्या कागदावर सही करायला पेन काढून बसल्या होत्या. टक्केसाहेब उभे राहिले. ‘पुन्हा फोन करणारे, हा रकाना माझा आहे,’ ते म्हणाले. ‘एक्केचाळीस टक्के. त्यातले बरेच फोन मी ऐकले. पहिल्यांदा मदत मिळाली नाही म्हणून परत आलेली माणसं होती ही. आपण त्याला विश्वास म्हणालो आणि अहवालात छापलं. त्यातल्या एका बाईची बहीण गेली. बाकीच्यांचं काय झालं, मला माहीत नाही.’

प्रमुखबाईंनी आवाज खाली आणला. ‘हे बाहेर गेलं तर विभागाची नाचक्की होईल. तुमच्या बढतीचा कागदही वर गेलाय. यादी गुपचूप दुरुस्त करा आणि विषय संपवा.’

‘तेवीस वेळा संपवलाय आपण तो विषय,’ टक्केसाहेब म्हणाले. ‘बढती राहू द्या. निवड नव्याने करू.’

बढती राहिली ती राहिलीच. पण निवड नव्याने झाली. ठेक्याच्या अटी त्यांनी पुन्हा लिहिल्या. फोन घेणाऱ्याने पलीकडे माणूस बोलल्याशिवाय मधून निघायचं नाही. चौथ्या दिवशी उलट फोन करायचा आणि मदत पोचली का, एवढंच विचारायचं. यादी दर महिन्याला हाताने फिरवून तपासायची, आणि ती कोणी तपासायची तिथे ‘संबंधित’ हा शब्द खोडून त्यांनी आपलं स्वतःचं पद लिहिलं. मग ते शिवणाच्या बाईच्या घरी गेले. एका खोलीचं घर. पलंग अजून तिथेच होता, वर शिवायच्या कपड्यांचा ढीग. त्यांनी तिला निवड समितीत बसायची विनंती केली.

‘मला शिवण कळतं, साहेब,’ ती म्हणाली. ‘तुमचं ठेक्याचं मला काय कळणार?’

‘आमच्यातल्या कोणालाच तो फोन करावा लागला नव्हता,’ ते म्हणाले. ‘म्हणून चुकलं.’

ती अर्धा दिवस रजा काढून आली. याही वेळी अर्ज त्याच दोघांचे होते. कंपनीच्या माणसाने पडद्यावर रंगीत आलेख दाखवले. परिचारिका एक वही घेऊन आली होती. बाईने दोघांनाही एकच प्रश्न विचारला, ‘पलीकडे कोणी उचललंच नाही, तर तुम्ही काय करता?’

‘पर्यायी नंबर देऊ,’ कंपनीचा माणूस म्हणाला.

परिचारिकेने वही मिटली. ‘मग ते काम आमच्या अंगावर पडलं,’ ती म्हणाली. ‘बस पकडायची आणि जाऊन बघायचं.’

काम कोणाला मिळालं हे सांगायला नकोच. बैठक संपल्यावर टक्केसाहेब बाईला सोडायला जिन्यापर्यंत गेले. तिचा आवाज त्यांच्या कानातून अजून गेला नव्हता. आता तो जावा असंही त्यांना वाटत नव्हतं; गेला तर ते पुन्हा पूर्वीसारखे होतील, याची भीती वाटायची. पहिल्या पायरीवर ती थांबली.

‘चौथ्या दिवशी फोन करून तुम्ही विचारणार, माणूस आलं का म्हणून?’

‘हो.’

‘आणि नाही आलं म्हणाले तर?’

‘तर परिचारिकाबाई जातील. त्या नसतील तर मी जाईन.’

बाईने पिशवी खांद्यावर नीट घेतली. ‘मग दुपारी जा, साहेब,’ ती म्हणाली. ‘कामावरून सुटल्यावर जाऊ, असं करू नका. ताई दुपारी दोनला पडली होती. मी सहाला सुटले. तोवर ती जमिनीवर होती आणि शुद्धीत होती.’

एवढं सांगून ती जिना उतरून गेली.

नागरिकहो, कोणाला नंबर द्यायला, पत्ता सांगायला, वाट दाखवायला काही लागत नाही. पण एकदा वाट दाखवली की तो माणूस पोचला का, हेही आपलंच काम होऊन बसतं. ते विचारा. आणि दुपारीच विचारा.